अकरा नंबर

त्रिशला बिरनाळे पाच फूट दहा इंच.
सांगलीत तेव्हा एवढ्या उंच मुलीचं करायचं काय
हे फक्त खोत सरांना माहीत होतं.

मुलींच्या होस्टेलमागं सिमेंटचं कोर्ट,
एका रिंगला जाळी, दुसरी नुसतं लोखंड.
जाळीतनं गेला की सपकन आवाज.
लोखंडातनं गेला तर काहीच नाही,
चेंडू खाली आपटल्यावर कळायचं
की मघाशी काहीतरी झालं.
टॉस जिंकली की ती हटकून नुसती रिंग मागायची.

मी खेळत नव्हते. मला दमा.
मी टेबलाशी, गळ्यात शिट्टी, मुठीत स्टॉपवॉच,
शेजारी स्कोअरशीट घेऊन मंगल आवटी.
पंच दोन्ही हातांचं एकेक बोट वर करायचे
आणि मंगल न बघताच लिहायची: अकरा.
एका रिफिलीत तो सीझन निघाला नाही.

कराडशी फायनल. त्यांचे चोपन्न, आमचे त्रेपन्न.
चेंडू तिच्या हातात,
उजवा पाय रोवलेला,
डावा एकदा इकडे, एकदा तिकडे,
आणि कराडची ती दांडगी मुलगी दोन्हीकडे चुकली.
पुढचं गावानं इतक्यांदा सांगितलंय
की मी सांगत नाही.

रेल्वेची ट्रायल होती हुबळीला.
आठ दिवस आधी गुडघा गेला.
खेळताना नव्हे,
एसटीतनं उतरताना, हातात भाजीची पिशवी.

मग अंकलीचं स्थळ.
मुलाशेजारी अनवाणी उभी करून बघितली.
चार बोटं जास्त.
फोटोत तिला खुर्चीवर बसवायचं, या बोलीवर होकार आला.
अल्बममध्ये ती सगळीकडे बसलेली आहे,
फक्त एका फोटोत उभी,
वऱ्हाडातल्या कुणा पोराचा अडकलेला फुगा
मांडवाच्या छतावरनं काढून देताना.
सुकुमार भला माणूस. तोच फोटो तो पाकिटात ठेवायचा.
तो गेल्यावर त्याची नोकरी तिला मिळाली.

तासगाव रोडला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज.
मे महिन्यात स्वेटर, पायात मोजे,
पंधरा किलोचे बॉक्स छतापर्यंत.
हमाल शिडी शोधतात तोवर
ती वरच्या थराचा लॉट नंबर वाचून मोकळी.

परवा मी गेले.
कॉलेज माजी खेळाडूंचा सत्कार करतंय,
आणि पुरात जिमखान्याची सगळी कागदं लगदा झाली.
फायनलचे तुझे पॉइंट किती लिहू?
चौतीस ना?

"बत्तीस लिही."

चौतीस गं. मंगलला विचार.

"मंगलला काय माहीत?
घड्याळ तुझ्याकडं होतं."

आत कुठंतरी कॉम्प्रेसर बंद पडला
आणि एवढ्या मोठ्या खोलीत
माझाच श्वास मला घरघरताना ऐकू आला.
पस्तीस वर्षं मी हा अंगठा
पदराखाली घेऊन हिंडतेय.

तुला कधी कळलं?

"तेव्हाच. पाय रोवला नि मनात मोजून संपलं.
शिट्टी काही वाजेना.
म्हटलं, हिचा दमा उठला की काय."
ती हसली. मग हसायची थांबली.
"हात वर गेलेला होता गं.
गेलेला हात खाली कसा घ्यायचा?"

किती उशीर झाला ते तिनं विचारलं.
दीड सेकंद, मी म्हटलं. कदाचित दोन.
दीड, दीड, असं पुटपुटत
तिनं फोडलेल्या बॉक्समधनं मूठभर बेदाणे काढले,
माझ्या ओंजळीत ओतले,
इतके गार की दाताला कळ आली.

बाहेर ट्रक लागला होता.
कुणीतरी हाक मारली, बिरनाळे मॅडम.
लग्नानंतरही हजेरीपत्रकावर तिनं तेच नाव ठेवलंय.
ती वळली, उजवा पाय तिथंच ठेवून,
गुडघ्यावर हात दाबून,
आणि दारातनं म्हणाली,

"कराडची ती मुलगी. तिचं नाव काय?"

माहीत नाही. सहा नंबर होती.

"शोध.
तिला पण बोलव."