काळी वायर

उद्यमनगरात नऊच्या सुमाराला लेथ सुरू होतात
तेव्हा इलाही शिकलगार शटरला टेकून
दातांनी वायर सोलत असतो.
मी पिकअप उभी केली. मागं रिकामे कॅन खडखडले.
'फॉगलाइट,' म्हटलं, 'उजवा.
दारात लागतोय, घाटात विझतोय.
इंडिकेटर दिला की त्याच्याबरोबर मिणमिणतोय,
डोळा मारल्यागत.'

त्यानं ऐकून घेतलं,
डॉक्टर आजारी पोराच्या आईचं ऐकतो तसं,
सगळं, आणि फारसा विश्वास न ठेवता.

'बल्ब?'
'दोनदा बदलला.'
'फ्यूज?'
'बघितला की. चांगला हाय.'
'बघून कळत न्हाई, भावा.'

त्याचा टेस्टलॅम्प म्हणजे स्क्रूड्रायव्हरच्या मोडक्या मुठीत
कुठल्याशा स्कूटरचा टेललाइटचा बल्ब.
चिमटा बॅटरीच्या वजाला,
टोक फ्यूजच्या या कानाला, मग त्या कानाला.
दोन्हीकडं उजेड.
स्विच दाब म्हणाला. दाबला.
बॉनेटखाली रिले एकच शब्द बोलला: टक्.
मग तो रस्त्यावरच उताणा झाला,
गाडीखालून फक्त त्याच्या चपला आणि आवाज.

'करंट हितवर येतोय रं.
यायचं काय न्हाई.
परत जायला वाट न्हाई त्याला.'
चिमटा बॅटरीवरनं काढून त्यानं गार्डला लावला.
टेस्टलॅम्प विझला.
'हे बघ. अर्थ मिळंना.'

अर्थ ढिला, अर्थ गंजला, अर्थ चेसीला मार,
त्या गल्लीत हा शब्द दिवसातून शंभरदा येतो.
मी शाळेत संदर्भासह स्पष्टीकरणात गेलेला गडी,
मला हसू आलं.
इलाहीला नाही.

'गार्ड कवा रंगवलास?'
'दसऱ्याला.'
दोन हात मारले होते, काळे, चकचकीत.
काळी वायर सोडवली, रंग दिला,
वाळायच्या आधीच बोल्ट त्यावर आवळला.
पूजेची घाई होती,
आणि दुसरीही एक.
'रंगातनं करंट जात न्हाई. लोखंडाला लोखंड भिडाय लागतं.
आता ह्यो गडी शेजारच्या इंडिकेटरातनं
चोरागत घरला जातोय, म्हणून मिणमिण.'

आजा त्याचा तलवारींना धार लावायचा म्हणे.
नातवानं पॉलिश पेपर बोटाला गुंडाळला
आणि बोल्टाखालची जागा घासायला घेतली.
काळी भुकटी पडली.
खाली लोखंड लागायच्या आधी पिवळं लागलं.
पिवळ्याला एक कमान होती, मग एक दांडी.
स.

'सर्जेराव बंधू' लिहिलं होतं तिथं, सात वर्षं,
या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत.
वाटणीत म्हशी त्याला गेल्या, गाडी मला आली.
बंधू मीच होतो त्यातला.

इलाहीनं अक्षर बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही.
'रुपयाएवढं घासावं लागंल.
बाकीचं ऱ्हाऊ दे?'
'ऱ्हाऊ दे,' म्हटलं.
त्यानं स घासला, खालचं पांढरं लोखंड काढलं,
दातेरी वायसर, वर ग्रीसचं बोट,
आणि पाना असा ओढला की गाडी हलली.
समोरच्या फाउंड्रीच्या भिंतीवर
दोन पिवळी वर्तुळं उभी राहिली. उजवं जरा वर.
'ते तू लाव आपलं घरी,' म्हणाला. दीडशे घेतले.

संध्याकाळी कळ्याच्या पुढं धुकं लागलं.
साळवणच्या अलीकडं उजव्या हाताला एक फाटा आहे,
आत गोठा, गोठ्यात एक बल्ब, त्या सातपैकी दोन म्हशी माझ्या नावच्या.
दिवा बघावा म्हणून
मी उजवा इंडिकेटर दिला.
टक् टक् टक् टक्.
फॉगलाइट ढिम्म हलला नाही.

मागचा टेम्पो थांबला,
मी वळणार म्हणून.