हॅव

संध्याकाळी सातला फोन टेकवून ठेवतो
आंबट चटणीच्या बरणीला.
बरणी हलकी झाली की फोन घसरतो,
म्हणून हल्ली चटणी जपून खातो.

पडद्यावर पाच चौकोन.
खाटीक वख्तांग, मागं भिंतभर गालिचा.
दोघी बहिणी, एकच इअरफोन दोघींत वाटून.
एक म्हातारा, ज्याचं नुसतं कपाळ येतं.
मी, वार्लाम.
आणि शिकवणारी तेकले, असेल वीस-एकवीसची.

तिला चेहऱ्यावरून ओळखलंच नाही.
तीन वर्षं ती माझ्या पाठीमागं बसत आली,
आरशात फक्त लोकरी टोपीचं टोक.
ओळख पटली ती आवाजानं :
"इथं थांबवा" म्हणायची, पांढऱ्या पुलाच्या अलीकडं,
रोज सकाळी आठ वीसला,
आणि सुटे पैसे मोजून हातावर ठेवायची.
आता मलाच थांबवते, दर वाक्याला.

आज हॅव.
म्हणाली, सोपं आहे, सगळ्यांना एकच :
आय हॅव अ नाइफ. आय हॅव अ सिस्टर. आय हॅव अ फीव्हर.
वख्तांग खूश. त्याच्या सुऱ्याच अकरा.
माझी जीभ मात्र अडून बसली.

आमच्या कुतैसीत, पोरी, असण्याचे दोन हिशेब.
श्वास घेत नाही ते मक्वस :
सुरी, घर, कर्ज, ताप.
श्वास घेतं ते म्कावस :
बहीण, बैल, दारात येऊन पडलेलं कुत्रं.
आणि गाडी.
गाडीला जित्यांच्या पंगतीत कुणी बसवलं, देव जाणे.
घोडा विकून मोटार घेतलेला कुणी असेल,
त्याची सवय सुटली नसेल.

माझी मार्श्रुत्का, पिवळी, अठरा माणसांची,
सदतीस दिवस अंगणात उभी आहे, अक्रोडाखाली.
मागच्या सीटखाली मांजर व्यालंय.
काचेवर पाखरांनी काय लिहिलंय ते पुसत नाही.
रात्री नवाला संचारबंदी, त्याआधी खाली उतरतो,
किल्ली फिरवतो, पाच मिनिटं नुसती धडधडू देतो.
तिसऱ्या मजल्यावरून गुलिको ओरडते :
कुठं निघालास, वेड्या?
कुठं नाही.
बॅटरी मरू नये म्हणून.

आणि लामारा.
ती बारीला, इटलीत, परक्या आजीची उशी बदलते.
दोन वर्षं झाली.
फोनवर तिच्या तोंडाला पट्टी, डोळ्यांखाली पट्टीचे वळ.
जेवलास का, विचारते.
ती कुठल्या पंगतीत, हे मला कुणी शिकवायला नको.

"व्हॉट डू यू हॅव, वार्लाम?"
घसा खाकरला.
आय हॅव अ वाइफ.
आय हॅव अ बस.
"व्हेरी गुड," तेकले म्हणाली, आणि पुढं गेली.
एवढंच.
एकाच खुंटीला दोन्ही टांगलं मी,
बायकोचा कोट आणि गाडीची किल्ली,
आणि खुंटी निघाली नाही.

उद्या हॅड घेऊ, ती म्हणाली.
तेव्हा कपाळ पहिल्यांदाच बोललं :
तेवढं मला येतं.
कुणी हसलं नाही. एका बहिणीनं इअरफोन काढला.

फुकटची चाळीस मिनिटं संपत आलेली.
कोपऱ्यात लाल आकडे उलटे धावतायत,
तेकले घाईघाईनं वह्या आवरते,
इंग्रजी विसरून, मान खाली, आपल्याच भाषेत म्हणते :
"इथं थांबवा."

टेबलाखाली माझा उजवा पाय
सपाता सोडून गच्च दाबला गेला.

बरणी हलली.
फोन उताणा पडला,
छत बघत.