दहापैकी नऊ

ऑगस्टमध्ये आम्ही एकमेकांनाच मुलं केलं.
सूक्ष्म अध्यापन, सहा मिनिटं, विषय कोणताही.
बारा जण बाकांवर, तेरावा फळ्यापाशी.
लोटलीकर मॅडम चिठ्ठ्या वाटायच्या :
तू जांभया दे, तू शेजाऱ्याची वही ओढ,
तू सारखं पाणी प्यायला जाऊ का विचार.
मला आली : 'बाक वाजवणारा'.

मी वाजवला. आधी लाजत, दोन बोटांनी,
मग तळहातानं,
मग थांबताच येईना.
एकोणतीस वर्षांचा मी, घरी मुलगी, डोक्यावर फीचं कर्ज,
आणि फळ्यापुढे इंदुलकर घामाघूम,
तिच्या हातातला खडू मोडला तरी मी वाजवतोय.
सगळे हसले. मॅडमही.
इंदुलकर नाही.

वहीत उतरवून घेतलेले उपाय :
आवाज चढवू नये, उतरवावा.
वाक्य मध्येच तोडून थांबावं.
नाव घेऊ नये, नजर द्यावी.
नजरेनं नाही भागलं तर जवळ जाऊन उभं राहावं.
शेवटच्या उपायाखाली मी बॉलपेननं दोन रेघा ओढल्या.

डिसेंबरात शिवडीची शाळा, दुसरा मजला, सातवी क.
पाठ क्रमांक चौदा. भूगोल. भरती-ओहोटी.
चंद्र थर्माकोलचा, पृथ्वी म्हणजे मुलीचा रबरी चेंडू,
त्यावर पेननं विषुववृत्त.
मागच्या बाकावर, गुडघे कसेबसे मावलेल्या मॅडम,
मांडीवर निरीक्षण तक्ता.

आणि खिडकीशेजारी प्रज्योत भोस्तेकर
कंपासपेटीनं बाक वाजवतोय.
टक टक. टक. टक टक.

मी आवाज उतरवला.
वाक्य तोडलं, 'चंद्राच्या गुरुत्वा...'
पुढचं कुणालाच नको होतं.
नजर दिली, त्याची बाहेर खाजणावर.
मग दोन रेघांचा उपाय.
बाकांमधून गेलो, त्याच्याजवळ उभा राहिलो,
आणि खिडकीची झडप आपटत होती म्हणून,
खरंच, तेवढ्यासाठीच,
हात वर केला.

त्याची दोन्ही कोपरं डोक्यावर.
मान खांद्यांत. डोळे गच्च.
इतकं सराईत, की कंपासपेटी जमिनीवर पडली
तोवर त्याचं झाकून झालं होतं.

बेचाळीस मुलं. गोदीतली क्रेन ऐकू यायला लागली.
मी झडप लावली. दुसरं काय करणार.
पुढची अकरा मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही.
मी चंद्र फिरवला, पृथ्वी फिरवली,
प्रश्न विचारले, हाताची घडी घालून उत्तरं आली.

घंटेनंतर तक्ता :
फलकलेखन सहा. साधनांचा वापर सात.
वर्गनियंत्रण दहापैकी नऊ.
पुढे मॅडमचं तिरपं अक्षर, 'प्रभावी. एक शब्दही न बोलता.'

मी म्हणणार होतो, मॅडम, ते तसं नव्हतं.
म्हणालो, थँक्यू मॅडम.
अजून अकरा पाठ बाकी. एप्रिलमध्ये परीक्षा.

जिन्यात तो दिसला, पेटीचं झाकण हातात वेगळं.
विचारलं, काय वाजवत होतास रे?
आधी दोन पायऱ्या खाली सरकला, मग बोलला :
"मोजत होतो. एक टक म्हणजे दहा मिनिटं.
काल दीडला पाणी भरलं, आज दोन वीसला भरणार.
उद्या काकाची होडी कधी निघेल ते
तुम्ही सांगायच्या आत काढायचं होतं."
आणि लगेच, "सॉरी सर."

सॉरी मी म्हणायला हवं होतं.
तो तोवर खालच्या मजल्यावर.

रात्री मुलगी चेंडू मागायला आली.
पिशवी कपाटावर होती. मी हात वर केला,
आणि वर नेलेला तसाच ठेवून
तिच्या कोपरांकडे बघत राहिलो.
ती हात खाली सोडून उभी, कंटाळलेली.

"दे ना बाबा," म्हणाली,
आणि मग चेंडू फिरवून बघत,
"ही रेघ कुणी मारली? पुसून दे."