आतली कड

बत्तीस वर्षं धरणगावच्या जिनिंगमध्ये फिटर होतो.
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानामागच्या हाडावर,
आणि सांगायचो, हे अजून आठवडाभर, ते आज रात्रीच जाईल.
चुकायचो. पण क्वचित.

मोनालीनं हायब्रीड घेतली, जुनीच, नाशिकच्या कुणा डॉक्टरची.
बॉनेट उघडून पाहिलं आणि हळूच मिटलं.
नारिंगी वायरी, प्लास्टिकची झाकणं,
स्क्रू-ड्रायव्हर टेकवायला जागाच नाही कुठं.

गाव सोडताना बॅटरीवर निघते.
फाटकाजवळचं कुत्रं मान वर करत नाही.
इतकी गप्प,
म्हणून तर ऐकू आली ती.

घूं. घूं. घूं.
चाळीसला सुरू, साठला दाट.
चोपड्याकडं डांबर नवं आहे तिथं मऊ,
पुढं खडी उघडी पडलीय तिथं जात्यासारखी.
जुन्या जीपमध्ये असती
तर इंजिनानं पोटात घातली असती.

"पप्पा, रस्त्याचा आवाज आहे," असं म्हणून
तिनं रेडिओ मोठा केला.
"बेअरिंग," मी म्हणालो. "पुढचं, डावं.
पैज. हरेल त्यानं भरताची वांगी भाजायची."

एरंडोल नाक्यावर भिकन मिस्तरीनं आधी गाडी चालवली,
मला शेजारी बसवून.
डावीकडं वळवली. उजवीकडं वळवली.
आवाज तसाच.
"बेअरिंग ऱ्हातं ते वळणवर बदलता, बाबा."
मला हे माहीत होतं.
बत्तीस वर्षं माहीत होतं.

मग जॅक. चाक मोकळं फिरलं, बिनआवाजाचं.
भिकननं माझं मनगट धरून हात टायरमागं घातला.
बाहेरून काळं, खोल नक्षीचं, नव्यासारखं टायर,
आणि आतल्या कडेला
मागून पुढं हात फिरवला तर गुळगुळीत,
पुढून मागं फिरवला तर करवत.
"देखा. मजारथीन खवाई गये."

जिनात असंच व्हायचं.
सुरी केसभर तिरपी बसली
की चामड्याचा रोलर एका अंगानं झिजायचा,
आणि सरकीबरोबर तंतू जायला लागेपर्यंत
मालकाला काही दिसायचं नाही.

अलाइनमेंटच्या पडद्यावर पुढचं डावं चाक लाल.
"कोठे आदळनी व्हती गाडी?" भिकननं विचारलं.
मी म्हणालो, "कुठंच नाही."
मोनाली काहीच बोलली नाही.
मग म्हणाली, "फेब्रुवारीत. गलंगीकडून येताना.
रात्री अडीचला. म्हैस अडली होती एकाची.
परतताना मोरीत चाक गेलं. निघालं लगेच.
म्हणून नाही सांगितलं."

नऊ महिने.
रोज ऐंशी किलोमीटर,
सुया, हातमोजे, लसींची थंड पेटी डिकीत,
आणि चाक जरासं तोंड फिरवून रस्त्यावर घासत चाललेलं.

"म्हशीचं काय झालं?"
"उभी राहिली."
"पारडू?"
तिनं जॅकच्या दांड्याकडं पाहिलं.

भिकननं सळई ढिली केली, पाव फेरा, अजून थोडा.
लाल आकडा हिरवा झाला.
पुढची टायरं मागं, मागची पुढं.
हवा मोजली. एकात सहा पौंड कमी निघाली,
ते मी पाहायला हवं होतं, निदान ते.
"आवाज ऱ्हाईच," तो म्हणाला, "दोनेक हजार किलोमीटर.
मंग कमी व्हई. नहीच व्हयना ते नवं टाका."

परतताना मी मुद्दाम मागं बसलो.
घूं घूं आता सीटखालून, माकडहाडातून वर.
ओळखीचा झाला की आवाज तेवढा छळत नाही,
पण जातही नाही.
रेडिओ तिनं लावला नाही.

बाजारपट्टीला मी म्हणालो, "थांबव. वांगी घ्यायचीत."
"हिरवी घ्या," ती आरशातून म्हणाली,
"आणि भाजताना टोचे मारा नीट.
मागच्या वेळी एक फुटलं होतं."