पेव उघडण्याआधी

रात्रीचे साडेअकरा. गणपती पेठ.
खाली अडतीचं दुकान, वर मी आणि एक पंखा.
पोतं नावाची वस्तू मी सकाळीच घडवली:
लॉट नंबर, नग, ओल किती टक्के,
शेतकऱ्याचं नाव, गाव, हळकुंड की गड्डा.
आता ती तारेवरून ईरोडला धाडायची,
तर मशीन म्हणतं, हे काय ते मला ठाऊक नाही.
आकडा दे, अक्षर दे.
पोतं मी ओळखत नाही.

खरंच आहे त्याचं.
पोत्याला स्वतःला सांगता आलं पाहिजे,
एका दमात, बाइटमागे बाइट.
ते त्याला मीच शिकवायचं.

दादा हरिपूरला पेवं भरायचे.
तोंड एवढंसं, एक माणूस अंग चोरून उतरेल,
आणि आत खोलीएवढा अंधार.
तळाला पाचट, कडेला पाचट,
वरून पोती ओतायची.
आत पोतं उरायचंच नाही, नुसती हळद.
कुणाची कुठवर, ते दादांच्या वहीत.
वही हरवली तर पेव भरलेलंच,
पण कुणाचंच नाही.

मी तेच करते. ओतते.
वही वेगळी ठेवते.

पहिल्या खेपेला ईरोडहून फोन आला:
एक पोतं पाठवलंत की दोनशे छप्पन?
मी लिहिलं होतं शून्य, मग एक.
त्यांनी वाचलं उलटीकडून, एक, मग शून्य.
तेवढ्यानं अख्खा ट्रक भरला
जो कुठून निघालाच नव्हता.
बाबालाल तांबोळी चहा घेऊन वर आले होते.
चाळीस वर्षं रुमालाखाली बोटं दाबून
भाव बोललेला माणूस.
ऐकून म्हणाले,
"शेकडा आधी दाबायचा का दहा आधी,
ह्ये ठरल्याबिगर रुमाल टाकत न्हाईत, पोरी.
तुमच्यात कुणी सांगितलं न्हाई व्हय?"
सांगितलं होतं. पुस्तकात होतं.
मी ते पान उलटून पुढं गेले होते.

दुसऱ्या खेपेला नावं.
नावाला सोळा खण पुरतील असं मी धरलं,
इंग्रजीत पुरले असते.
आपलं एकेक अक्षर तीन खण अडवतं,
काना वेगळा, वेलांटी वेगळी,
तीही तीन-तीन.
चाचणीसाठी दादांचंच नाव टाकलं: पारिसा.
अठरा खणांचं नाव.
परत आलं ते पारिस,
आणि पुढे काळ्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह.
सोळाव्या खणात अडकलेलं नुसतं दोनशे चोवीस,
मागचे दोघे बाहेर राहिलेले.

घरी दाखवलं तर दादा चष्मा पुसत म्हणाले,
"काना गेला व्हय? जाऊ दे.
पुरात पेवं गेली, तिथं कान्याचं काय."
मग जेवताना, ताटाकडे बघत,
"पण लोकांचं नीट घाल.
कुंभोजच्या बाईचं नाव लांब हाय."

म्हणून आता आधी लांबी लिहिते, मग नाव.
अठरा, पारिसा.
कुंभोजच्या धोंडूबाई अण्णाप्पा मगदूम यांना
शहाण्णव बाइट लागतात.
लागू देत.

आणि आत्ता, पावणेबाराला,
एका अनोळखी पत्त्यावरून उत्तर आलंय.
बाइटांची लांब ओळ. म्हणे पोतंच आहे,
फक्त उघडा, आपोआप उभं राहील.

पेव उघडलं की दादा लगेच उतरायचे नाहीत.
झाकण काढून दिवसभर तसंच ठेवायचे,
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे.
आम्ही काठावर पालथे पडून बघायचो
तो पिवळा ठिपका लहान होत जाताना.
विझला, की सगळे गप्प.
दादा दोरी वर घ्यायचे,
आणि म्हणायचे, उद्या बघू.

मी ओळ उघडत नाही.
पहिले चार बाइट तेवढे वाचते,
खूण जुळते का पाहते.
जुळत नाही.

पंखा बंद करते.
उद्या बघू.