पार्ट परभणीहून यायचाय

पडलेली काच कोपऱ्यातून फुटते.
आपटलेली मधोमध.
जिंतूरच्या स्टँडसमोर अकरा वर्षं
हीटरवर काचा सोडवतोय,
एवढं कळतं मला.
'पडला,' म्हणतं गिऱ्हाईक.
मी म्हणतो, 'हाव, पडतंच.'

शिवगंगा चार महिन्यांत तिसऱ्यांदा आली.
बी.एस्सी. दुसरं वर्ष, येलदरीच्या गाडीनं येजा,
नखं कुरतडून कुरतडून आत गेलेली.
'काका, जिन्यावरून पडला.'
त्यांच्या घराला जिना नाही.
पत्र्यावर चढायला शिडी आहे,
डिश मीच बसवली होती.

नवी काच लागली की टच तपासावा लागतो.
बोट फिरवायचं वरून खाली, खालून वर,
कुठं अडकतंय का बघायचं.
वाचायचं नाही, हा माझा नेम.
पण काचेत आधी उजेड येतो
आणि उजेडामागं माणसं येतात
कडी न वाजवता.
कुणाचा साखरपुडा, कुणाची पुण्यातली गॅलरी,
आणि तिच्या फोटोखाली, तिच्या दातांवर,
कुणीतरी काहीतरी लिहून हसलेलं.
त्या हसण्याला सत्तावन्न अंगठे.
नेम मोडला माझा त्या दिवशी.
सत्तावन्न!
आमच्या गल्लीत मयतीलासुद्धा
एवढी माणसं जमत नाहीत.

म्हणून तिसऱ्या खेपेला मी खोटं बोललो.
काच ड्रॉवरमध्येच होती, स्पंजात गुंडाळलेली.
म्हटलं, 'पार्ट परभणीहून यायचाय.
चार दिवस लागतील.'
ती उभीच.
रिकाम्या तळहातावर अंगठा
वर सरकवत होती, वर, वर.
तिचं तिला माहीत नव्हतं.
'एखादा जुना द्या ना तोवर, सिम टाकते.'
'नाही जुना.'
सात होते.

चौथ्या दिवशी आली नाही.
पाचव्या दिवशी मला माझीच भीती वाटायला लागली.
पोरीच्या हातातलं काढून घेणारा
मी कोण? डॉक्टर?
त्याच काचेत एखादी मैत्रीणही राहत असेल,
रात्री दोनला 'झोपलीस का गं' विचारणारी.
हे आधी डोक्यातच आलं नव्हतं.
सोल्डरिंगचा चटका बसला, दोनदा,
एकाच बोटाला.

सहाव्या दिवशी शटर अर्धं ओढून
येलदरीच्या गाडीच्या टायमाला फलाटावर गेलो.
ती उतरली. ओढणीत पाच-सहा पेरू.
'आला का पार्ट?'
'आला.'
'लई झोपले काका. बारा-बारा तास.
आई म्हणली, अंगात काही शिरलंय का निघालंय.'
मग पेरू या हातातून त्या हातात घेत म्हणाली,
'सहा दिवस मी नव्हते तिथं.
कुणालाच कळलं नसंल, नाही?'
हसून म्हणाली का कशी,
परभणीची गाडी मागं घेत होते, त्या शिट्टीत
मला नीट कळलं नाही.

दुकानात येऊन फोन चालू केला.
उजेड आला. माणसं आली.
मी मान फिरवून सुटे पैसे मोजत बसलो,
नव्वद रुपये, चार वेळा.
तरी दिसलं ते दिसलं:
सगळ्यात खाली एकच ओळ, मंगळवारची,
'कुठं गेलीस गं?'
तिथं तिचा अंगठा थांबला.
बराच वेळ थांबला.
गाडी चुकली तिची. दुसरी तासानं होती.
एक पेरू काउंटरवर ठेवून गेली,
पैसे द्यायचे विसरली.

आता मापाची एक काच
ड्रॉवरमध्ये वेगळी ठेवलीय.
आणि दोघा-तिघांना उगीच सांगून बघितलं,
पार्ट परभणीहून यायचाय.
एकजण भांडला. एकजण समोरच्या दुकानात गेला.
बायको म्हणते, 'तुमच्या परभणीपायी
आपलं दुकान उठायचं एक दिवस.'

रात्री शटर पाडून मी माझा फोन काढतो.
श्रावणात एक व्हिडिओ टाकला होता,
काच कशी बदलावी, माझेच दोन हात.
तेवीस वेळा बघितला गेलाय आजवर.
त्यातल्या एकोणीस वेळा
मीच.