रिकाम्या रकान्याचा प्रकार

जानेवारीत इसाफ्योर्डुरला सूर्य
डोंगराआडूनच येतो कामावर, आडूनच घरी जातो.
मासळी-लिलावाच्या पत्र्याच्या कचेरीत
सोलरून (नावातच सूर्य, तिचा इलाज नाही)
सकाळी दहालाही दिवा लावून बसते.

काल काट्याने घोळ घातला.
थोरगिल्सच्या होडीतून कॉडच्या चाळीस पेट्या उतरल्या,
मागाहून आणखी दोन,
आणि पडद्यावर उमटलं : चारशे दोन.
म्हातारा मिशीतल्या मिशीत हसला,
"एवढा मासा समुद्राला तरी ठाऊक होता का, पोरी?"

तिने चाळीसला गाठलं, टाइपऑफ लावून विचारलं,
बाबा रे, तू नक्की कोण?
चाळीस म्हणाला, स्ट्रिंग.
म्हणजे आकड्याचं सोंग घेतलेली अक्षरं.
दोन शेजारी येऊन उभा राहिला,
त्याला वाटलं, शेजारच हवाय. बेरीज कुणाला सुचतेय.

तेवढं सुधारून ती निघणारच होती,
पण एकदा झडती सुरू झाली की हात थांबत नाही.
बर्फाचा दर : नंबर. ठीक.
लिलाव संपला का : बुलियन, हो नाहीतर नाही.
खलाशांची यादी म्हणे मी ऑब्जेक्ट,
तिला वेगळं खोदून विचारावं लागलं, बाई, तू यादी ना?
तेव्हा कुठे मान डोलावली.
आणि तो नॅन! आकडा नसणं हेच ज्याचं नाव
तो छातीठोक सांगतो, माझा प्रकार नंबर;
स्वतःसमोर उभा केला तर
स्वतःलाही ओळख देत नाही.

मग क्रिया नावाच्या होडीची ओळ.
कप्तान : नल.

अनडिफाइंड नव्हे. ते म्हणजे
कुणी काही ठेवलंच नव्हतं तिथे.
नल मात्र कुणीतरी हाताने लिहावा लागतो.
ऑक्टोबरात तिनेच लिहिला होता,
हाल्वारुर हे अख्खं नाव खोडून,
आई मागे उभी होती, हातमोजे न काढता.

तिने विचारलं. टाइपऑफ म्हणालं, ऑब्जेक्ट.
आहे काहीतरी.

भाषेच्या बाळपणातली चूक आहे ही, तिला पाठ होतं.
तिच्यावर इतक्यांनी घरं बांधली
की आता पाया कोण उपटणार.
म्हणून आधी नल आहे का ते बघायचं,
तीन बरोबरच्या चिन्हांनी, डोळ्यांत तेल घालून,
आणि मगच प्रकार विचारायचा.
तिने ती ओळ लिहिली. खोडली.
कॉफी ओतली. परत लिहिली.

थोरगिल्स पावती न्यायला आला.
"बेचाळीस. हं. आता हा माझा मासा."
दारातून बाहेर पडताना त्याने
नेहमीसारखाच वळसा घेतला.
धक्क्यावर चौथं कडं आहे लोखंडाचं, मिठाने खाल्लेलं.
बंदरात जागा अपुरी आहे,
होड्या दोन-दोन लागतात एकमेकींना चिकटून,
तरी त्या कड्याला अजून
कुणी दोर बांधलेला नाही.